साडेपाचचे निरोप

साडेपाचला अजून अंधार असतो.
बेनिग्ना कोल्के कुलूप उघडते,
आधी तळव्यांवर फुंकर घालते, मग माइकवर.
भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, त्यातले काही गळून पडलेत,
तिथे तिचा आवाज जरासा घुमतो.

"आज मंगळवार. खिंडीत बर्फ आहे, ओरुरोचा ट्रक उशिरा सुटेल.
कासिमिराबाई वीका, तुमच्या मुलाचे टाके निघाले.
गुरुवारी फाट्यावर उतरेल, खेचर पाठवा,
त्याला ओझं उचलायचं नाही.
कानुतो आयावीरींचे चार लामा चुकलेत,
कानात हिरवे गोंडे, दोन गाभण.
लुसियो मास्तर रात्री गेले.
खड्ड्याला माणसं हवीत. पहारी आणा, जमीन गोठलीय."

एवढंच. मग तेच किचुआत. मग आयमारात.

एके काळी आम्ही सहा जण होतो.
खाणीतल्या प्रत्येकानं एका दिवसाची मजुरी दिली
आणि हा मनोरा उभा राहिला, हे टेबल,
तो जर्मन टेपरेकॉर्डर,
ज्याच्या पेटीत आता बेनिग्ना कोकाची पानं ठेवते.
मग कथील मातीमोल झालं, भोंगा थांबला.
माणसं खाली शहरात गेली, कुणी विटा रचायला,
कुणी मिनीबसच्या दारात लटकून थांब्यांची नावं ओरडायला.
आमचे दोन निवेदक अजून तेच करतात.
आवाज वाया जात नाही, म्हणतात.

मी राहिलो.
तंत्रज्ञ म्हणजे मनोऱ्यावर चढणारा,
जनरेटरला डिझेल पाजणारा,
आणि बेनिग्नाला खोकला आला की
वाढदिवसांची यादी वाचणारा.

ला पाझहून माणूस आला. बुटांना धूळ नव्हती.
ऐकणारे किती? त्यानं विचारलं.
आता प्रत्येकाकडे फोन आहे ना?
मी खिडकीबाहेर बघितलं.
उतारावर एक बाई, पाठीवरच्या शालीत बाळ,
बाळाच्या पायाशी रेडिओ.
ती एक की दोन?
बेनिग्ना म्हणाली,
लुसियो मास्तरांच्या खड्ड्यावर सत्तावीस जण आले होते. पहारी घेऊन.
त्यानं सत्तावीस लिहिलं, खाली रेघ मारली.

फेब्रुवारीतलं त्याला सांगायचं राहून गेलं.
वाऱ्यानं फोनचा टॉवर आडवा केला होता,
राजधानीची केंद्रं डॉलरचा भाव सांगत होती,
आणि आंधळा सेरापियो दारात येऊन म्हणाला,
नदीला बॅटरीचा वास येतोय.
मी मोटरसायकल काढली. अकरा किलोमीटर.
जुन्या खाणीच्या गाळाचा बांध फुटला होता,
पाणी गंजासारखं.
परत आलो तेव्हा ओठ इतके गारठलेले
की मला बोलता येईना, मी फक्त हातमोजा दाखवला.
तो लाल हातमोजा बघत बेनिग्ना बोलत राहिली,
तीन भाषांत, नऊ वेळा, मग मी मोजायचं सोडलं:
जनावरं नदीवर नेऊ नका. नेली असतील तर परत फिरवा.
खालच्या गावात एक मेंढी मेली. एक.
ती कुठल्या रकान्यात लिहायची?

पत्र जूनमध्ये आलं.
अनुदान तीस तारखेपर्यंत, उपकरणांची यादी सोबत जोडावी,
आणि शेवटच्या प्रसारणात
श्रोत्यांचा निरोप घ्यावा.

बेनिग्नानं ते दोनदा वाचलं,
घडी घालून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलं.
टेबल पहिल्यांदाच डुगडुगायचं थांबलं.

तीस तारखेला डिझेल चाळीस मिनिटांचं होतं.
तिनं खिडकी उघडली, वही घेतली, माइक चालूच ठेवला.
बाहेर अंधारात रांग होती, श्वासांची वाफ होती,
कुणीतरी पाय आपटत होतं.
"कागदात लिहिलंय, निरोप घ्या," ती म्हणाली.
"सांगा. घेते."

पहिल्या कासिमिराबाई होत्या.
म्हणाल्या, खेचर आपणहून घरी आलंय,
उगाच कुणी शोधत बसू नका.